मत दिल्यावर मालकी सुटते काय?

लोकशाहीविषयी आमच्या सुशिक्षित बंधूंची जी समजूत दिसते ती थोडक्यात अशी की, पाच वर्षांनी एकदा रांगेत उभे राहावे, बोटास शाई लावून घ्यावी, आणि मग पुढील पाच वर्षे निवडून गेलेल्यांच्या नावाने बोटे मोडण्यास मोकळे व्हावे. आम्ही वकिलीच्या धंद्यातले, म्हणून दाखला त्या धंद्यातलाच देतो. पक्षकार वकीलपत्रावर सही करतो तेव्हा दावा वकिलाचा होत नाही. तो पक्षकाराचाच राहतो. तारखेस हजर राहणे, दस्तऐवज आणून देणे, तडजोड मान्य आहे की नाही ते सांगणे, ही कामे सही केल्याने चुकत नाहीत. जो पक्षकार वकीलपत्र देऊन घरी स्वस्थ बसतो, त्याच्या दारात एके दिवशी बेलिफ उभा राहतो, आणि मग तो वकिलास, न्यायाधीशास व नशिबास पाळीपाळीने दोष देतो. मत हे असेच एक वकीलपत्र आहे. ते दिल्याने कारभाराची मालकी सुटत नाही. व्यापारी वाचकांस हे अधिक फोड करून सांगण्याचे कारण नाही. मुनिमाच्या हाती वह्या देऊन वर्षभर दुकानाकडे न फिरकणारा शेठ आमच्या पाहण्यात तरी आलेला नाही.

हा विषय आज आम्ही सुकापूरच्या निमित्ताने घेत आहो. नव्या पनवेलीस लागून, माथेरानकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे गाव आहे. ग्रामपंचायतीच्या कागदोपत्री त्याचे नाव पाली देवद असे लावतात. गाव म्हणावे तर चोहोंकडे बहुमजली इमारती, औषधांची व कापडाची दुकाने, पहाटेपासून पनवेल स्टेशनाकडे धावणाऱ्या रिक्षा. शहर म्हणावे तर कारभार ग्रामपंचायतीचा. २०१६ साली १ ऑक्टोबरास पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली, तेव्हा जुनी नगरपालिका व भोवतालची २९ गावे तीत सामील झाली. सुकापूर त्या यादीत नव्हते. याच्या आधीच, २०१३ मध्ये, येऊ घातलेल्या विमानतळाच्या भोवतालचा मोठा टापू ‘नैना’ या नावाने अधिसूचित होऊन त्याचे नियोजन सिडकोच्या हाती गेले, आणि २०१७ मध्ये ज्या पहिल्या २३ गावांचा अंतरिम विकास आराखडा मंजूर झाला त्यांत पाली देवद होते. म्हणजे या गावच्या रहिवाशाची स्थिती अशी झाली की, घरपट्टी ग्रामपंचायतीस द्यावयाची, इमारतीच्या परवानगीस सिडकोकडे जावयाचे, नोकरीस मुंबईस जावयाचे, आणि नळास पाणी न आले म्हणजे कोणाकडे जावयाचे याचा विचार जिन्यात उभे राहून शेजाऱ्याशी करावयाचा.

जिन्यातील या सभा आम्हांस परिचित आहेत. त्यांत वक्तृत्व पुष्कळ असते, ठराव मात्र एकही होत नाही. आणि ज्या सभेत ठराव होऊ शकतो, जिची कार्यवृत्ताची वही असते, जिच्यापुढे सरपंचास हिशेब ठेवावा लागतो, त्या सभेस हे वक्ते जात नाहीत. ही सभा म्हणजे ग्रामसभा होय.

ग्रामसभेविषयी नगरवासी मनुष्याचा सर्वसाधारण ग्रह असा की, ती गावकीची काही जुनी चाल असावी. पारावर पाचपन्नास मंडळी बसतात, एकमेकांवर चढून बोलतात आणि चहा घेऊन घरी जातात. वस्तुस्थिती याच्या अगदी उलट आहे. ग्रामसभा ही संविधानाची निर्मिती आहे. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ च्या २४ एप्रिलपासून अमलात आली आणि कलम २४३-क अन्वये ग्रामसभेस घटनात्मक स्थान मिळाले. तिची व्याख्या वाचकांनी नीट ध्यानात घ्यावी. पंचायतीच्या क्षेत्रातील मतदारयादीत ज्यांची ज्यांची नावे आहेत, ते सर्व मिळून ग्रामसभा. तीत निवडून यावे लागत नाही, जातगोत विचारले जात नाही, घर स्वतःच्या मालकीचे असण्याची अट नाही. मुंबईस विधानसभा आहे, दिल्लीस लोकसभा आहे. या दोन्ही सभांत आपण प्रतिनिधी पाठवतो. जिचे आपण स्वतः सभासद आहो अशी या देशातील सभा ही एकच.

या सभासदत्वाचा एक कायदेशीर बारकावा सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे मतदारयादीत नाव येते ते ‘सामान्यतः निवासी’ असण्यावरून. केवळ घराची मालकी हे निवासाचे प्रमाण नव्हे. याचा अर्थ असा की, सुकापुरात दोन सदनिका गुंतवणूक म्हणून घेऊन जो गृहस्थ दादरास राहतो तो या गावच्या ग्रामसभेचा सभासद नाही. आणि त्याच सदनिकेत भाड्याने राहणारा, यादीत नाव नोंदवलेला कारकून मात्र पुरा सभासद आहे, व सरपंचाइतक्याच हक्काने सभेत उभा राहू शकतो. परंतु हा कारकून करतो काय? त्याचे नाव साताऱ्यास वडिलांच्या घरी, नाहीतर परळच्या जुन्या चाळीच्या पत्त्यावर राहिलेले असते. कायद्याने एका मनुष्याचे नाव एकाच ठिकाणी असू शकते. तेथून ते हलवण्यास एक अर्ज पुरतो. तो आठ क्रमांकाचा अर्ज घरबसल्याही भरता येतो. तेवढे न केल्याने तो मनुष्य साताऱ्यास असत नाही आणि सुकापुरात मोजला जात नाही. ज्या गावचे पाणी पितो, ज्या गावच्या गटाराचा वास घेतो, त्या गावी कारभाराच्या दृष्टीने तो पाहुणा.

आता या सभेस अधिकार काय आहेत ते पाहू. महाराष्ट्रातील ग्रामपंचायती ज्या कायद्याने चालतात तो १९५८ चा. पूर्वी तो मुंबईच्या नावाने ओळखला जाई, पुढे महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याच्या सातव्या व आठव्या कलमांत आणि त्यांच्या जोडीने पुढे घातलेल्या तरतुदींत ग्रामसभेचा सारा अर्क आहे. वर्षातून निदान चार सभा झाल्याच पाहिजेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवशी त्या घेण्याचा प्रघात आहे. पुरेशा कारणावाचून सभा न बोलावणारा सरपंच पदास अपात्र ठरू शकतो. सभेची सूचना सात दिवस आधी लागली पाहिजे. वार्षिक जमाखर्च, कारभाराचा अहवाल, हिशेबतपासनिसाने काढलेले आक्षेप, पुढील वर्षी करावयाची कामे, हे सर्व सभेपुढे ठेवणे पंचायतीवर बंधनकारक आहे. विकासाच्या कामांस सभेची मान्यता घ्यावी लागते. सरकारी योजनांचे लाभार्थी कोण, हे ठरवण्याचा अधिकार सभेचा. सरपंच थेट लोकांनी निवडलेला असेल व सदस्यांनी तीन-चतुर्थांश बहुमताने त्याच्यावर अविश्वास आणला, तर तोही ग्रामसभेत गुप्त मतदानाने पक्का व्हावा लागतो.

आणि पैशाचे म्हणाल तर तोही किरकोळ नाही. १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींस जो निधी दिला, त्याचे साठ टक्के पाणी व स्वच्छता यांकरिता बांधलेले होते आणि चाळीस टक्के गावाने आपल्या गरजेप्रमाणे खर्चावयाचे होते. कोणत्या गल्लीत गटार बांधावयाचे, दिवाबत्ती कोठे लावावयाची, हे ज्या आराखड्यात लिहिले जाते तो ग्रामसभेत मंजूर होतो. तेव्हा जो रहिवासी म्हणतो की आमच्या इमारतीपुढील गटाराचा विचार कोणी केला नाही, त्यास आमचा प्रश्न आहे: आराखडा मंजूर झाला त्या दिवशी आपण कोठे होता?

त्या दिवशी सार्वजनिक सुटी असते, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. वर दिलेल्या चारही तारखा पाहाव्यात. गाडी पकडावयाची आहे ही सबब वर्षातील तीनशे दिवस खरी. या चार दिवशी ती चालत नाही.

गणपूर्तीचा नियम तर असा आहे की त्यावरून आमच्या उदासीनतेची मोजदाद व्हावी. एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांतील जी संख्या लहान असेल तितके सभासद हजर पाहिजेत. हजारो मतदारांच्या गावात शंभर माणसे म्हणजे काहीच नव्हे. दोन इमारतींतून एकेका घरचा एकेक मनुष्य खाली उतरला तरी ती भरतील. शंभर जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तीस गणपूर्तीची अट राहत नाही. कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगला होता. लोक आले नाहीत म्हणून गावचे काम अडू नये. परंतु व्यवहारात त्याचा अर्थ असा होतो की, आपण न गेल्याने सभा थांबत नाही, ती केवळ लहान होते. मग बारा माणसे बसतात आणि बारा हजारांचा आराखडा मंजूर करतात. ती बारा माणसे वाईट असतात असे आमचे म्हणणे मुळीच नाही. ती हजर असतात, एवढेच.

गैरहजेरी हेही एक मत आहे, आणि बहुधा ते चालू असलेल्या गोष्टीच्या बाजूने पडते. याचे स्पष्ट उदाहरण दारूच्या दुकानांच्या मतदानात सापडते. २००८ च्या सरकारी आदेशाने महाराष्ट्रातील गावांस असा अधिकार मिळाला की, पुरेशा स्त्री-मतदारांनी मागणी केली तर दुकान चालू ठेवावे की बंद करावे यावर गुप्त मतदान घ्यावे. चिन्हे दोन, उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. दुकान बंद होण्यास जे बहुमत लागते ते झालेल्या मतांतील नव्हे, तर यादीतील एकूण मतदारांतील निम्म्याहून अधिक. म्हणजे जी बाई त्या दिवशी चूल सोडून आली नाही, तिचे मत तिच्या इच्छेविरुद्ध उभ्या बाटलीच्या पारड्यात पडले. ही अट न्याय्य आहे की नाही यावर वाद होऊ शकेल. आमच्या मते ती जाचक आहे. तथापि तीही पार करून ज्या गावांतील बायकांनी बाटली आडवी केली त्यांना लोकशाही म्हणजे काय हे व्याख्यान देऊन शिकवावे लागले नाही.

सुकापूरसारख्या गावी मुख्य अडचण आळसाची नाही, हे आम्ही जाणतो. अडचण परकेपणाची आहे, आणि ती दोन्ही बाजूंनी आहे. नवा रहिवासी म्हणतो, ग्रामसभा ही मूळ गावकऱ्यांची. आम्ही गेलो तर आमचे कोण ऐकणार? मूळ गावकरी म्हणतो, हे इमारतवाले काल आले, उद्या घर विकून जातील. यांच्या हाती गावच्या सभेचे बहुमत गेले तर गावठाणाचे, देवळाचे, स्मशानाचे, गुरचरणाचे काय होईल? या दुसऱ्या शंकेस हसणारे पुष्कळ आहेत. आम्ही त्यांत नाही. या टापूतील आगरी, कराडी, कोळी शेतकऱ्याच्या अनुभवाचा इतिहास ज्यास ठाऊक आहे तो हसणार नाही. १९७० च्या मार्चात सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या बाजूंची ९५ गावे नव्या शहरासाठी घेतली गेली. मोबदल्याच्या प्रश्नावर १९८४ च्या जानेवारीत १६ व १७ तारखांस उरण तालुक्यात गोळीबार होऊन पाच शेतकरी प्राणास मुकले, आणि त्यानंतर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्याचे फळ म्हणून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व सरकारास मान्य करावे लागले. ज्यांच्या शेजारच्या गावांनी हे पाहिले, त्यांस बाहेरून आलेल्या प्रत्येक आराखड्याची धास्ती वाटावी यात नवल नाही. ‘नैना’च्या नगररचना योजनांत जमीनमालकाकडे चाळीस टक्के राहावी व साठ टक्के रस्ते, सोयी इत्यादींसाठी जावी हे सूत्र निघाले, तेव्हा गावोगाव जो विरोध उठला त्याचे मूळ याच धास्तीत आहे.

परंतु या दोघांचे हित वेगळे आहे काय? योजना नीट झाली नाही तर शेतकऱ्याची जमीन अडकून पडेल आणि सदनिकाधारकाचा रस्ता अरुंद राहील. योजना नीट झाली तर दोघांस पाणी मिळेल. नियोजनाचा अधिकार ग्रामसभेस नाही, तो सिडकोचा व सरकारचा आहे, हे आम्ही लपवीत नाही. ग्रामसभेच्या ठरावाने आराखडा रद्द होतो असे जो सांगेल तो लोकांस फसवील. तथापि १९६६ च्या नगररचना कायद्यात आराखड्याचा व योजनेचा मसुदा प्रसिद्ध करून ठरावीक मुदतीत हरकती व सूचना मागवण्याची तरतूद आहे. त्या मुदतीत एकट्याने पाठवलेला अर्ज हा एक कागद. मूळ गावकरी व इमारतवाले यांनी एका सभेत एकमुखाने केलेला, कार्यवृत्तात नोंदलेला ठराव ही वेगळी चीज आहे. अधिकाऱ्यास तो फेटाळता येईल, पण न वाचता फेटाळता येणार नाही.

ठरावामागे माणसे उभी असली म्हणजे कायद्यात नसलेला अधिकारही कसा निर्माण होतो, याचे उदाहरण आमच्याच जिल्ह्यात आहे. पेण तालुक्यात हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांची जमीन विशेष आर्थिक क्षेत्रासाठी घ्यावयाचे घाटत होते. त्या वेळी लागू असलेल्या १८९४ च्या भूसंपादन कायद्यात शेतकऱ्याची संमती विचारण्याची पद्धत नव्हती. आक्षेप ऐकावयाचा आणि जमीन घ्यावयाची, हा ब्रिटिशांनी घालून दिलेला शिरस्ता. परंतु गावे इतकी ठाम उभी राहिली की सरकारास त्यांचे मत अजमावणे भाग पडले, आणि २००८ च्या सप्टेंबरात २१ तारखेस जिल्हा प्रशासनाने त्या २२ गावांत मतपेट्या ठेवून शेतकऱ्यांचे मतदान घेतले. कौल प्रचंड बहुमताने विरोधात होता. तो प्रकल्प तेथे उभा राहिला नाही. पाच वर्षांनी, २०१३ मध्ये, जो नवा भूसंपादन कायदा झाला त्यात खासगी कंपनीसाठी जमीन घेताना ऐंशी टक्के बाधितांची संमती लागेल असे कलम आले. हे कलम एका पेण तालुक्याने आणले असे आम्ही म्हणत नाही. देशात ठिकठिकाणी असे झगडे झाले. परंतु दिल्लीच्या कायद्याची शाई पुष्कळदा अशा आडगावांतून गोळा होते.

याच्या उलट प्रकार, म्हणजे हक्क कागदावर आहे पण तो वापरावयास कोणी उठत नाही, याचाही मोठा दाखला याच जिल्ह्याचा. १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव पास झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या वर्गास खुले असावेत. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने त्यास अनुसरून चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव झाला आणि दप्तरात राहिला. तळ्यावर भरल्या जाणाऱ्या घागरी पूर्वीच्याच राहिल्या. १९२७ च्या मार्चात २० तारखेस डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह त्या तळ्यावर गेले व त्यांनी ओंजळभर पाणी घेतले, तेव्हा त्या कागदास प्रथम जीव आला. आणि विरोधकांची धांदल पाहा. त्याच वर्षी ऑगस्टात नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तीन वर्षे जो हक्क कोणी वापरला नाही तो कोणास खुपलाही नाही, वापरताच खुपला. पुढे कज्जा हायकोर्टापर्यंत जाऊन १९३७ साली निकाल तळे खुले असल्याच्या बाजूने लागला.

त्याच आंबेडकरांनी १९४८ च्या नोव्हेंबरात संविधान सभेत खेड्यांवर जी कठोर टीका केली ती ग्रामसभेच्या भक्तांनी विसरू नये. खेडे म्हणजे संकुचितपणा, अज्ञान व जातीय दुराग्रह यांचे घर आहे; संविधानाचा घटक खेडे नसून व्यक्ती ठेवली आहे हे बरे झाले, असा त्यांचा रोख होता. त्या महिन्यातच ग्रामपंचायती संघटित करण्याविषयीचे मार्गदर्शक तत्त्व संविधानात घालण्यात आले, ते आजचे चाळिसावे कलम. या दोन विचारांतील ताण अजून मिटलेला नाही आणि तो मिटल्याची बतावणी करण्यात अर्थ नाही. ज्या गावात एका घराण्याचा दरारा आहे तेथे हात वर करून मत द्यावयास दुबळा मनुष्य भितो, हे खरे. म्हणून तर पुढील कायद्याने राखीव जागा दिल्या, २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांकडे गेल्या, आणि प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी स्त्री-सभासदांची वेगळी सभा भरलीच पाहिजे असा दंडक घातला. दरारा मोडण्याचे यापलीकडचे साधन एकच, ते म्हणजे सभेतील गर्दी. दहा माणसांत दरारा चालतो. चारशे माणसांत दरारा असलेल्यासही आवाज चढवावा लागतो, आणि आवाज चढवणारा मनुष्य निम्मा हरलेला असतो.

एकट्याने जाऊन काय होणार, असे म्हणणाऱ्यांस जोतीराव फुल्यांची आठवण द्यावीशी वाटते. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून शहर शृंगारण्यास हजार रुपये खर्च करण्याचा विषय निघाला, तेव्हा हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणास लावावा असे म्हणून विरोधी मत देणारे ते एकटे. खर्च मंजूर झाला, रोषणाई झाली. त्या रोषणाईच्या बाजूने मते देणाऱ्या सभासदांतील एकाचे तरी नाव आज वाचकांपैकी कोणास सांगता येईल काय? तेही सरकारनियुक्त सभासद होते. त्यांना तेथे लोकांनी पाठवले नव्हते. सुकापूरचा मतदार ग्रामसभेत जातो तो कोणाच्या नेमणुकीने नव्हे.

पनवेलकरांस तर स्थानिक स्वराज्य ही नवी वस्तू नाही. येथील नगरपालिका १८५२ ची, १८५० च्या कायद्याखाली निघालेली. लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव १८८२ चा, म्हणजे तिच्याहून तीस वर्षांनी धाकटा. १८५० च्या त्या कायद्याचा विशेष असा की तो सक्तीचा नव्हता. गावच्या रहिवाशांस नगरपालिका हवी असेल तरच तो त्या गावास लागू व्हावयाचा. परक्या सरकारनेही निदान कागदावर विचारले होते! सुकापूरने ग्रामपंचायतीत राहावे की महानगरपालिकेत जावे, हा प्रश्न आज ना उद्या निघाल्यावाचून राहणार नाही. आमचा दोहोंपैकी एकीविषयी आग्रह नाही. महानगरपालिकेत पाणी, रस्ते, अग्निशमन यांची सोय मोठ्या प्रमाणावर होऊ शकते, आणि कराचा आकडाही त्याच मानाने वाढतो; हा हिशेब ज्याचा त्याने करावा. परंतु हिशेबात एक रकम बहुतेक जण धरीत नाहीत. गाव महानगरपालिकेत गेले की ग्रामसभा संपते. शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद २००९ मध्ये कायद्यात झाली खरी, पण ग्रामसभेसारखी ती लोकांच्या अंगवळणी पडलेली नाही.

या रकमेची किंमत किती, हे पनवेल शहरानेच नुकते अनुभवले आहे. महानगरपालिकेची पहिली निवडणूक २०१७ च्या मे महिन्यात झाली. त्या सभागृहाची मुदत २०२२ च्या जुलैत संपली. आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात अडकला, राज्यभर निवडणुका लांबल्या, आणि पुढील मतदान झाले ते २०२६ च्या जानेवारीत १५ तारखेस. मधली साडेतीन वर्षे कारभार प्रशासकाने पाहिला. त्या काळात कामे झाली नाहीत असे नव्हे. परंतु लाखो करदात्यांस प्रश्न विचारण्यास एकही निवडलेला नगरसेवक नव्हता, आणि त्यांची स्वतःची अशी सभाही नव्हती. पंचायतीचीही मुदत पाच वर्षांची आहे, तिच्यावरही प्रशासक येऊ शकतो. ग्रामसभेस मात्र मुदत नाही. ती विसर्जित होत नाही, तिची निवडणूक लांबत नाही. मतदारयादी आहे तोवर ती आहे.

आमच्या व्यापारी वाचकांपैकी कित्येकांची दुकाने सुकापुरात व घरे पनवेलीत आहेत. त्यांस ग्रामसभेत मत नाही, हे वर सांगितलेल्या नियमावरून उघड आहे. तथापि दुकानाची पट्टी ते भरतात. तेव्हा दिवाबत्ती, कचरा, रस्त्यावरील वाहतूक यांविषयी पंचायतीकडे लेखी अर्ज करून त्याची पोच घेणे व हिशेबाची नक्कल मागणे त्यांच्या हाती आहे. २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत माहिती मिळावयास हवी. ज्यांस रोजमेळ व खतावणी वाचता येते अशा चार माणसांनी पंचायतीचा जमाखर्च वाचून तो इमारतीतील मतदारांस समजावून दिला, तर सभेत विचारावयाचे प्रश्न आयतेच तयार होतील.

पंचायतीकडेही आमचे मागणे आहे. सूचना फलकावर लावली म्हणजे कायदा पाळला, हे ठीक; परंतु इमारतीतला मनुष्य पंचायतीच्या फलकापाशी जात नाही, तो आपल्या इमारतीच्या फाटकाशी जातो. सभेचे निमंत्रण व विषयपत्रिका प्रत्येक गृहनिर्माण संस्थेच्या फाटकावर सात दिवस आधी लागावी, आणि तीतच मागील सभेचे कोणते ठराव अमलात आले व कोणते राहिले ते छापावे. ग्रामसेवक, ज्यांस आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, त्यांच्यावर कामाचा बोजा मोठा आहे हे आम्हांस ठाऊक आहे. पण चार सभांची चार निमंत्रणे ही त्या बोजात फार मोठी भर नव्हे. स्त्रियांच्या सभेची वेळ पाणी येण्याच्या वेळेवर ठेवू नये, एवढेही कोणी सांगावे लागू नये. सभा सकाळी झेंडावंदन आटोपताच त्याच जागी सुरू झाली, तर जमलेली माणसे पांगण्यापूर्वीच शंभराचा आकडा मोजून होईल.